बाळ छातीला नीट लागत नाही

या वेळच्या पत्रांतली बरीचशी पहिल्या पंधरवड्यातल्या बाळंतिणींची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची आहेत. प्रत्येकीची तक्रार वेगळी दिसते, पण मूळ बहुतेक ठिकाणी एकच आहे: बाळाच्या तोंडात नुसतं बोंड जातं, छाती जात नाही.

प्रश्न : सिझेरियन होऊन सहा दिवस झाले. बाळ बोंड तोंडात घेतं, दोन-चार वेळा ओढतं आणि सोडून रडतं. दोन्ही बाजूंना चिरा पडल्यात. सासूबाई म्हणतात, पहिलटकरणीला दुखायचंच, सोस थोडं. खरंच असं असतं का?
– सिडको, नाशिक

पहिल्या आठवड्यात बाळ लागताना अर्धा-एक मिनिट कळ येते, ती चालते. त्यापुढेही दुखत राहिलं किंवा चिरा पडल्या, तर पकड चुकते आहे. सासूबाईंनी सोसलं असेल, कारण त्यांना पकड दाखवायला तेव्हा कुणी नव्हतं. तुम्ही सोसायचं कारण नाही.

बोंडात दूध साठलेलं नसतं. बाळाची जीभ बोंडाभोवतीच्या काळसर भागाच्या खाली गेली आणि खालचा जबडा नीट उघडला, की तोंडात पोकळी तयार होते आणि दूध ओढलं जातं. बोंड तेव्हा पार मागे, मऊ टाळूपाशी असतं आणि तिथे ते घासत नाही. नुसतं बोंड तोंडात असलं तर ते पुढच्या कडक टाळूवर चिरडतं. आईला चिरा पडतात, बाळाला दूध मिळत नाही, म्हणून ते सोडून रडतं. तुमच्या दोन्ही तक्रारींचं कारण हेच. बाळाने सोडल्याबरोबर बोंडाकडे पाहा. गोल असेल तर ठीक. तिरक्या कापलेल्या लिपस्टिकसारखं चपटं दिसलं, तर पकड उथळ होती.

आता धरायचं कसं ते पाहू. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातात घ्या. तळवा बाळाच्या खांद्यांच्या मधोमध, अंगठा एका कानामागे आणि बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्याच्या मागच्या बाजूवर हात नको. तिथून डोकं ढकललं की बाळ उलटा रेटा देतं आणि घरात सगळ्यांना वाटतं, याला छाती नकोच आहे! बाळाचं पोट तुमच्या अंगाला चिकटलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. मान वळवून कुणालाच घोट नीट गिळता येत नाही. डाव्या हाताने छाती खालून धरा, अंगठा बाहेरच्या बाजूला म्हणजे बाळाच्या नाकाकडे, बाकीची बोटं आतल्या बाजूला. अंगठा आणि बोटं काळसर भागापासून दोन बोटं लांब ठेवा. बहुतेक जणी कात्रीसारख्या दोन बोटांत बोंड धरतात. त्याने नेमकी तीच जागा अडते जिथे बाळाचे ओठ यायला हवेत.

बोंड बाळाच्या तोंडासमोर न ठेवता नाकासमोर ठेवा. वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. घाई होते ती इथेच. बाळाने तोंड जरासं उघडलं की आई बोंड आत सारते. तसं करू नका, बाळ मोठ्ठा ‘आ’ करेपर्यंत थांबा. त्या क्षणी बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे नेण्यासाठी वाकू नका, नाहीतर पाठ आणि टाके दोन्ही दुखतील. आधी हनुवटी टेकायला हवी, मग वरचा ओठ बोंडावरून पलीकडे जातो.

पकड जमली की हनुवटी छातीत रुतलेली असते, नाक मोकळं असतं आणि खालचा ओठ बाहेरच्या बाजूला मुडपलेला दिसतो. काळसर भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त आणि खालच्या ओठाच्या बाजूला कमी दिसतो. चोखणं आधी भराभर, मग संथ आणि खोल होतं, मध्ये गिळल्याचा आवाज येतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा चटचट आवाज येत असेल, तर पकड पुन्हा घ्या. ओढून काढू नका. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सारा, हवा आत गेली की बाळ आपोआप सुटतं.

सिझेरियननंतर पोटावर भार नको असेल, तर बाळाला बगलेत घ्या. बाजूला दोन उशा रचा. बाळ तुमच्या हाताखालून, पाय तुमच्या पाठीच्या दिशेने. मागे लगेच भिंत असली तर बाळ पायांनी रेटून पुढे सरकतं, म्हणून थोडी जागा सोडा. रात्री कुशीवर झोपून, बाळालाही तुमच्याकडे कुशीवर करून पाजा. चिरांवर पाजून झाल्यावर स्वतःचंच दूध लावून वाळू द्या, साबण लावू नका. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. पकड न सुधारता कितीही मलम लावलं तरी चीर पुढच्या वेळी पुन्हा उघडते.

प्रश्न : सुनेची बोंडं आत ओढलेली आहेत. नात पाच दिवसांची आहे, तिला काही धरता येत नाही. कुणी निपल शील्ड (बोंडावर बसवायचं सिलिकॉनचं टोपण) लावा म्हणतं, कुणी सरळ बाटली द्या म्हणतं.
– निफाड

आधी एक साधी तपासणी करायला सांगा. काळसर भागाच्या कडेवर अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकं दाबायचं. बोंड बाहेर आलं तर ते नुसतं सपाट आहे आणि त्याची काळजी नको. दाबल्यावर आणखी आत गेलं, तरच ते खरं आत ओढलेलं. दोन्हींत पाजता येतं, कारण बाळाने धरायची ती छाती.

आत ओढलेल्या बोंडासाठी सिरिंज वापरतात. मेडिकलमधून १० मिलिची नवी सिरिंज आणा (बोंड मोठं असेल तर २० मिलिची) आणि सुई टाकून द्या. सुई बसते ते टोक ब्लेडने सरळ कापा. दट्ट्या काढून तो या कापलेल्या बाजूने आत घाला. आता मूळची गुळगुळीत, कड असलेली बाजू मोकळी झाली, ती बोंडावर टेकवा. कापलेली धार चुकूनही कातडीला लागता कामा नये. सुनेनेच स्वतःच्या हाताने दट्ट्या हळू ओढायचा, दुसऱ्या कुणी नाही, कारण किती ओढलं तर दुखतं हे तिलाच कळणार. अर्धा ते एक मिनिट धरायचं, दुखलं तर ढिलं सोडायचं. काढताना आधी दट्ट्या आत ढकलून मगच सिरिंज बाजूला करायची. प्रत्येक वेळी पाजण्याच्या लगेच आधी हे करावं आणि बोंड बाहेर असतानाच नातीला लावावं.

निपल शील्डची घाई नको. पहिल्या दिवसांतला चीक घट्ट आणि थोडा असतो, तो शील्डमध्येच चिकटून राहतो. पकड बघणारं जाणकार माणूस सोबत असेल तरच शील्ड वापरावं. बाटली तर नकोच. बाटलीचं दूध तोंड न वासताही येतं आणि बाळ तीच सवय छातीवर आणतं. बाटल्या आणि दुधाची पावडर यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही.

आणखी एक. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, त्यामुळे कुंची, दोन दुपटी, मोजे असं सगळं चढवूनच बाळाला आईकडे दिलं जात असणार. त्यात बाळाचे हात अडकतात, अंग आईपासून लांब राहतं आणि उबेने बाळ झोपून जातं. फक्त लंगोट आणि टोपी ठेवून आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघींवर मिळून गोधडी पांघरा. आईच्या अंगाची ऊब पुरते. बंद खोलीत शेगडी पेटवून ठेवू नका, धूर आणि कोळशाचा वायू दोघींनाही घातक आहे.

प्रश्न : काल बाळ छान पीत होतं. आज, चौथ्या दिवशी, छाती दगडासारखी झाली आणि बाळ नुसतं घसरतं. मालीशवाल्या मावशी जोरात चोळून गाठी मोडते म्हणतात.
– नाशिकरोड

मावशींना छातीपुरती सुट्टी द्या. दूध उतरताना छातीत रक्त आणि पाणीही जास्त येतं, त्यावर जोरात चोळलं की सूज वाढते. वर तेल लागलं की बाळाची पकड आणखी निसटते.

काळसर भाग ताणून कडक झालाय, म्हणून बाळाला तो तोंडात घेता येत नाही. तेवढाच भाग मऊ करायचा. नखं कापलेली हवीत. दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या बुडाशी गोल ठेवा आणि सरळ मागे, बरगड्यांच्या दिशेने दाबून एक मिनिट तसंच धरा. बोटांची जागा बदलून पुन्हा एक मिनिट. सूज मागे सरते आणि खळगी राहते. लगेच बाळाला लावा, कारण ही मऊपणाची वेळ थोडीच असते. तरीही जमलं नाही तर हाताने थोडं दूध काढा: अंगठा आणि तर्जनी बोंडापासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे दाबायची आणि सोडायची. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. पाजून झाल्यावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा.

ताप आला, थंडी वाजली किंवा एखादा भाग लाल आणि गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्या बाजूचं पाजणं मात्र थांबवू नका.

प्रश्न : पोट भरतंय की नाही हे कसं ओळखायचं? घरात प्रत्येक जण वेगळं सांगतो. (प्रश्न वडिलांचा)
– पंचवटी

लंगोट मोजा, ते काम तुम्हीच घ्या. पहिल्या दिवशी निदान एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी आधी काळी, मग हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचंच आहे, त्यावरून ‘दूध पुरत नाही’ असं ठरवू नका. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं किंवा दोन आठवड्यांत जन्माएवढं परत झालं नाही, तर दाखवायला हवं. उन्हाळा असला तरी सहा महिने वरचं पाणी नको. घुटी, गूळपाणी आणि मधही नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंमुळे गंभीर विषबाधा होऊ शकते.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. सिझेरियन झालं असेल तर सातव्या दिवसापासून. त्या आल्या की त्यांच्यासमोर पाजा, नुसतं ‘पितं’ म्हणून सांगू नका. लघवी कमी, डोळे-अंग पिवळं, बाळ सुस्त आणि पाजायला उठवलं तरी उठत नाही असं झालं, तर आशाताईंची वाट न पाहता जिल्हा रुग्णालय किंवा महापालिकेची बिटको, झाकीर हुसेन रुग्णालयं, जे जवळ असेल तिथे न्या.

प्रश्न : बाळ छत्तीसाव्या आठवड्यात झालं. छातीला लावलं की दोन मिनिटांत झोपतं. आई म्हणते, बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने) पाज.
– दिंडोरी

आईचं बरोबर आहे, फक्त बोंडल्यात तुमचंच काढलेलं दूध हवं. अशी बाळं लवकर दमतात, म्हणून तीन तासांच्या वर झोपू देऊ नका. कपडे काढा, लंगोट बदला, तळपाय चोळा आणि छातीला लावा. चोखणं मंदावलं की छाती हळू दाबून दुधाची धार द्या. त्यानंतर हाताने दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या. पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिलि पुरतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवा आणि त्याला स्वतः चाटू-गिळू द्या. आडवं ठेवून ओतलं तर ठसका लागतो. बोंडलं प्रत्येक वेळी साबणाने धुऊन उकळा, चोचीत दुधाची साय अडकते तिकडे विशेष लक्ष द्या. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये खोली तेवढी थंड नसते, तेव्हा काढल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा, दारात नाही तर आतल्या कप्प्यात.