तिसऱ्याच दिवशी विडाल पॉझिटिव्ह आली, तर ब्लड कल्चर करायची गरज आहे का?

तुमच्या भावाला ताप येऊन तीन दिवस झालेत, टायफॉईडची विडाल टेस्ट १:८० आली आहे, आणि डॉक्टर तरीही ब्लड कल्चर करा म्हणतायत. रिपोर्टला पाच दिवस लागणार, मग कशाला करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. माझ्या मते कल्चर कराच, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी करा.

विडाल १८९६ सालची टेस्ट आहे. ती टायफॉईडचे जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने केलेल्या अँटिबॉडी शोधते. स्लाइडवर सीरमचा थेंब, त्यात रंगीत अँटिजनचा थेंब, मिनिटभर हलवायचं आणि बारीक दाणे दिसतात का बघायचं. पण या अँटिबॉडी साधारण दुसऱ्या आठवड्यात चढतात. तिसऱ्या दिवशीच्या १:८० वरून काहीच ठरत नाही. आपल्याकडे धडधाकट माणसातही एवढं टायटर (रक्ताचं सीरम किती पट पातळ करूनही अँटिबॉडी दिसतात तो आकडा) सापडतं. पूर्वी होऊन गेलेला टायफॉईड, घेतलेली लस, कधी मलेरियासुद्धा विडाल पॉझिटिव्ह दाखवतो. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा करून टायटर चौपट वाढलं का हे पाहिलं तर काही अर्थ निघतो, पण ती दुसरी टेस्ट करायला क्वचितच कुणी येतं. आणि या एका आकड्यावर लोकांना अँटिबायोटिकचे कोर्स दिले जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

कल्चरमध्ये खुद्द जंतूच वाढवतात. कातडी नीट पुसून, वाळू देऊन, मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली रक्त थेट बाटलीत घेतात. रक्त कमी घेतलं तर जंतू न सापडण्याची शक्यता वाढते. ही बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नसते. मशीनमध्ये शरीराच्या तापमानाला जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या तळाचा सेन्सर बदलतो आणि मशीन इशारा देतं. मग मॅकाँकी अगारच्या (जंतू वाढवायच्या खाद्याच्या) प्लेटवर लावलं की दुसऱ्या दिवशी टायफॉईडच्या जंतूंच्या फिकट, बिनरंगी वसाहती उठतात, ई. कोलाय या आतड्यातल्या दुसऱ्या जंतूच्या गुलाबी असतात.

पाच दिवस लागतात ते ‘निगेटिव्ह’ म्हणायला. टायफॉईड असेल तर बाटली बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच बोलते. त्यानंतर एक-दोन दिवसांत कुठलं औषध लागू पडेल तेही कळतं. भारतातले टायफॉईडचे बरेचसे जंतू आता सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत, त्यामुळे ही माहिती फार मोलाची.

कल्चरही अचूक नाही, टायफॉईड असूनही दहातले चार रुग्ण तरी त्यात सापडत नाहीत. म्हणून निगेटिव्ह आलं तरी डॉक्टर लक्षणांवरून औषध चालू ठेवू शकतात. भाऊ फार आजारी असेल तर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. गोळ्या आधीच सुरू झाल्या असतील तर फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लिहायला सांगा. मलेरियाचा स्मिअर (काचेवर रक्त पसरून केलेली तपासणी) आणि डेंग्यूची एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट) झाली नसेल तर त्याच वेळी करून घेऊ का, हेही डॉक्टरांना विचारा. एनएस१ पहिल्या पाच दिवसांतच नीट सापडते.