फॉरमॅटनंतर वाय-फाय गायब? कार्ड बदलायच्या आधी हे पाहा

प्रश्न : नमस्कार ताई. पोरीसाठी अमरावतीहून सेकंड हँड लॅपटॉप आणला, थर्ड जनरेशन आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. हँग होऊन राहिला म्हणून गावातल्या एका पोरानं फॉरमॅट मारून विंडोज १० टाकली, तेव्हापासून वाय-फायचं चिन्हच दिसत नाही, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये तीन जागी पिवळं निशाण आहे. दुकानवाला म्हणते वाय-फाय कार्ड जळलं, १५०० लागतीन. पोरीचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे आहेत. करू का खर्च?
– एक पालक, दारव्हा तालुका

उत्तर : नका करू दादा, आज तर नकाच. फॉरमॅटच्या आधी वाय-फाय चालत होतं, नंतर लगेच गेलं, आणि सोबत टचपॅडही बिघडला, तर दोन पार्ट एकाच दिवशी जळाले असं मानण्यापेक्षा दोघांचे ड्रायव्हर (विंडोजला तो पार्ट चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) पडले नाहीत हे जास्त पटते. पैसे देण्याआधी बिघाड पार्टचा आहे की ड्रायव्हरचा हे वेगळं काढा, आणि हे घरबसल्या फुकटात होते.

पहिले लॅपटॉपची बाजू पाहा. त्या काळातल्या ऑफिसवाल्या बऱ्याच मॉडेलला कडेला वायरलेसचा बारीक सरकता स्विच असते, पिशवीत घासून तो बंद होते आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसते. तो चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली पार्टांची यादी) पिवळ्या निशाणावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथं कोड लिहिलेला असते. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही, तुमच्याकडे बहुतेक हाच निघेल. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही, त्यात चुकीचा ड्रायव्हरही असू शकते आणि पार्टही. कोड ४३ आला तर मात्र मला पार्टवर जास्त शंका येते.

आता नेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून, तर मोबाइल केबलनं जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळते, केबल फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी पाहिजे. नेट आलं की विंडोज अपडेट चालवा, त्यातले ऑप्शनल अपडेटही पाहा, अर्धं काम तिथंच होते. बाकीचं कंपनीच्या साइटवरून घ्या, लॅपटॉपच्या खालच्या बाजूला स्टिकर असते, डेलचा असेल तर सर्व्हिस टॅग, एचपी किंवा लेनोवोचा असेल तर सिरियल नंबर, तो टाकला की तुमच्याच मॉडेलची यादी येते. आधी चिपसेट (मदरबोर्डचा ड्रायव्हर), मग वाय-फाय, मग टचपॅड. विंडोज १० चा ड्रायव्हर नसेल तर ८.१ किंवा ७ चा टाकून पाहा, बऱ्याचदा चालते, फक्त तुमची विंडोज ६४ बिट असेल तर ड्रायव्हरही ६४ बिटचाच घ्या.

स्टिकर घासून गेलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, त्यात हार्डवेअर आयडी पाहा. व्हीईएन (VEN) या अक्षरांच्या पुढं ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, १०ईसी रियलटेकचं, १४ई४ ब्रॉडकॉमचं, १६८सी एथेरॉसचं. ती पूर्ण ओळ कॉपी करून शोधली की नेमका ड्रायव्हर सापडते. पण ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी सॉफ्टवेअरं कृपा करून टाकू नका, चुकीचा ड्रायव्हर आणि वरून चार फालतू प्रोग्राम घालून देतात, पोरीचे आधार-बँकेचे कागद ज्या मशीनवर राहणार तिथं तर बिलकुल नको.

एवढं करूनही जमलं नाही तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून लॅपटॉप त्यावरून चालू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथं वाय-फाय दिसलं म्हणजे कार्ड ठणठणीत आहे, दुकानवाल्याला तेच दाखवा. (ब्रॉडकॉमचं कार्ड बऱ्याचदा तिथंही लगेच दिसत नाही, त्याचा ड्रायव्हर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घ्यावा लागते.) दोन्हीकडे कार्ड यादीतच येत नसेल तर ते ढिलं झालं असेल किंवा खरंच गेलं असेल. तेव्हाही कोणतंही कार्ड आणून बसवू नका, एचपी आणि लेनोवोच्या जुन्या मॉडेलमध्ये बायोस (लॅपटॉप चालू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डच घेते, त्यापेक्षा यूएसबी वाय-फाय डोंगल स्वस्त पडते आणि खोलायचीही भानगड नाही.

आणखी एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि थर्ड जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. फॉर्म, पीडीएफ, यूट्यूबवरचा अभ्यास एवढंच काम असेल तर मिंट कायमचं टाकायचा विचार खरंच करा, मी माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींना तेच सांगते.

प्रश्न : ताई, लॅपटॉप चालू केला की तारीख मागची दाखवते आणि साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. व्हायरस आहे का?
– एक विद्यार्थिनी, दिग्रस

उत्तर : नाही ग, तारीख-वेळ सांभाळणारा आतला छोटा सेल संपला, बहुतेक सीआर २०३२ असते, काही लॅपटॉपमध्ये वायर लावलेला येते तर जुना सोबत नेऊनच घे. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला जुळत नाही. तोवर तारीख हातानं बरोबर कर, साइट उघडतील.

प्रश्न : आमचं घर जिनिंगच्या बाजूला आहे. उन्हाळ्यात दुपारी लॅपटॉप अर्ध्या तासात धाडकन बंद पडते, सकाळी चांगला चालते. ड्रायव्हर बदलून पाहिले, फरक नाही.
– एक वाचक, वणी

उत्तर : भाऊ, सकाळी चालते आणि दुपारीच बंद पडते, तर ड्रायव्हर सोडा, उष्णता पाहा. जिनिंगच्या बाजूला कापसाचा रुवा उडत असते, तो फॅनमधून आत ओढला जाते आणि फॅनच्या तोंडाशी तांब्याच्या-अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात तिथं गादीसारखा थर बसते, हवा बाहेरच निघत नाही. वरून बाहेर ४५ डिग्री, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला मशीन बंद करते. खालचं झाकण उघडून ब्रशनं थर काढा, ब्लोअर मारत असाल तर फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून फॅनच खराब होते. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता पट्ट्यांकडे नेणारा लेप) वाळली असेल, तीही बदला. पलंगावर, गोधडीवर ठेवून वापरू नका.

तोवर पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के करा, त्यानं इंटेलचा टर्बो (प्रोसेसरचा जादा स्पीड) बंद होते, स्पीड थोडी कमी लागेल पण गरम बरंच कमी होते. साफ केल्यावरही बंद पडला तर बॅटरी काढून फक्त चार्जरवर चालवून पाहा, तेव्हा नीट चालला तर बॅटरी बदलायची.