वाचकांचे प्रश्न : जड पिकअपचं खरं ॲव्हरेज

प्रश्न : माझ्या ६.७ लिटर डिझेल इंजिनाच्या पिकअपची स्क्रीन ७.९ चं ॲव्हरेज दाखवते. डिझेलच्या पावत्या जोडून पाहिल्या तर तेवढं पडत नाही. अधिकृत आकडा शोधला, तोही सापडला नाही. खरं काय धरायचं?

तुमच्या शोधण्यात चूक नाही, तो आकडा नसतोच. या वर्गाच्या गाड्यांची मोठी बाजारपेठ अमेरिका. तिथल्या नियमानुसार भारासह कमाल वजन ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५६ किलोंच्या वर गेलं की पिकअपवर इंधनखपाची चिठ्ठी लावण्याचं बंधन नाही. तुमची गाडी त्या रेषेच्या वरची आहे. तेव्हा तुम्ही स्वतः नीट मोजलेला आकडा हाच तुमच्या गाडीचा आकडा.

स्क्रीनवर दिसतो तो अंदाज. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला आणि त्याला डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब किती होता, यावरून कंप्युटर डिझेलचा हिशोब मांडतो. टाकीतून प्रत्यक्ष किती गेलं हे तो मोजत नाही. इंजेक्टर झिजून थोडं जास्त सोडू लागले तरी हिशोब जुन्याच मापाने चालू राहतो. स्क्रीन पाच ते दहा टक्के जास्त दाखवत असेल तर त्यात नवल नाही.

मोजायचं ते टाकी ते टाकी, आणि एका टाकीवर थांबायचं नाही. डिझेलला फेस येतो. भरण्याच्या नळीत फेस वर आला की नोझल खट्‌कन बंद पडतं, तेव्हा टाकीत अजून दोन-तीन लिटरांची जागा असते. म्हणून शक्यतो तोच पंप, गाडी उभी करायची तीच सपाट जागा, आणि नोझल मंद धारेवर. पहिल्यांदा बंद पडलं की एक मिनिट थांबा, फेस खाली बसू द्या, मग पुन्हा बंद पडेपर्यंत भरा आणि तिथे थांबा. गळ्यापर्यंत ठासू नका. दर वेळी अगदी असंच करा.

समजा तीन वेळा मिळून ८८, ९४ आणि ९१ असं २७३ लिटर भरलं आणि त्यात २,०२० किलोमीटर झाले. ॲव्हरेज आलं ७.४. भरण्यातली तीन लिटरची चूक एका टाकीवर सव्वातीन टक्क्यांचा घोळ करते, तीन टाक्यांवर ती जेमतेम एका टक्क्यावर येते.

एक चूक जवळजवळ सगळेच करतात : प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्या आकड्यांची सरासरी घेतात. १०० किलोमीटर १० च्या ॲव्हरेजने आणि १०० किलोमीटर ५ च्या ॲव्हरेजने गेलात तर उत्तर साडेसात येत नाही. लागले १० आणि २० असे ३० लिटर, म्हणजे ६.७. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि भागाकार एकदाच.

प्रश्न : मूळ २७५/७०/१८ टायर काढून ३५ इंची जाड नक्षीचे टायर बसवले. त्याच रस्त्यावर ॲव्हरेज ७.६ वरून ६.७ वर आलं. टायरने एवढं खाल्लं?

एवढं नाही, त्यातला बराच भाग ओडोमीटरचा आहे. मूळ टायरचा व्यास ८४२ मिलिमीटर, ३५ इंचीचा नावापुरता ८८९. चाक एका फेऱ्यात साडेपाच टक्के जास्त अंतर कापतं, पण ओडोमीटरला ते माहीत नाही. तुमच्या ६.७ ला १.०५५ ने गुणा, ७.०७ येतात. म्हणजे खरी घट सुमारे सात टक्क्यांची.

छापील माप आणि वजनाखाली दबलेल्या टायरचं माप यांत फरक असतो. पक्कं हवं असेल तर टायरच्या बाजूवर आणि खाली जमिनीवर खडूने रेघ मारा, गाडी सरळ पुढे नेऊन चाक बरोबर दहा फेरे फिरवा आणि फीत लावून अंतर मोजा. जुन्या टायरचं एखादं चाक ठेवलं असेल तर त्याचंही तसंच करा. दोन्हींचं गुणोत्तर हाच तुमचा गुणक.

उरलेल्या सात टक्क्यांमध्ये जड चाकं आहेत, नक्षीचा रबर दर फेऱ्याला वाकण्यात जाणारी ताकद आहे, आणि एक गोष्ट सहसा सुटते ती म्हणजे तुमचा वेग वाढला आहे. काटा १०० दाखवतो तेव्हा तुम्ही १०५ च्या वर असता, आणि तेवढ्यानेच हवेचा अडथळा ११ टक्के वाढतो. गाडीचे दोष शोधणारा स्कॅनर जोडून गाडीच्या कंप्युटरमध्ये टायरचं नवं माप भरून घ्या. काटा, ओडोमीटर आणि गिअर बदलण्याच्या वेळा, तिन्ही ठिकाणावर येतात.

प्रश्न : गाडी बहुतेक वेळा रिकामी, हायवेवर चालते. सगळ्यात जास्त फरक कशाने पडेल?

वेगाने. बाकी सगळं त्याच्या मागे.

साडेतीन टनांची उंच पिकअप १०० च्या वेगाने चालते तेव्हा तिला मागे ओढणारा हवेचा जोर ढोबळमानाने ७०० न्यूटन असतो आणि टायरचा ३५० च्या आसपास. टायरचा जोर वेगाने फारसा बदलत नाही, हवेचा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. १२० वर गेलात की हवेचा जोर हजारावर जातो आणि एकूण ओढ सुमारे ३० टक्के वाढते. ८५ वर आलात की १९ टक्के कमी होते. इंजिनात एवढा फरक पाडणारी कुठलीही बाटली किंवा चिप नाही.

थंडीत ॲव्हरेज उतरतं त्यामागेही हवा आहे : शून्य अंशाची हवा तीस अंशाच्या हवेपेक्षा ११ टक्के दाट असते. त्यात गार गिअर ऑइल, गार टायर आणि इंजिन तापायला लागणारा वेळ मिळतो. म्हणून जानेवारीच्या आकड्याची तुलना मेच्या आकड्याशी करू नका.

मागचं फाळकं उघडं टाकून चालवल्याने डिझेल वाचत नाही. फाळकं बंद असलं की हौद्यात हवेचा एक गोल भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. फाळकं उघडलं की तो मोडतो. हौद्यावर ताणून बसणारं आच्छादन थोडी मदत करतं. कॅबच्या वर निघालेला कॅरिअर, दिव्यांची पट्टी, शिड्या यांनी नुकसान होतं. लागत नसेल तेव्हा काढून ठेवा.

टायरच्या हवेबाबत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा आहे की चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी झाला की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. ६० च्या जागी ४५ असेल तर तीन टक्के गेले. हवा गार टायरमध्ये, सकाळी बघा. दारावरच्या स्टिकरमधला मागच्या टायरचा आकडा पूर्ण भारासाठी असतो. रिकाम्या गाडीला टायर कंपनीच्या भाराच्या तक्त्यानुसार तो थोडा उतरवता येतो. पुढचा मात्र उतरवू नका, डिझेल इंजिनाचं सगळं वजन तिथेच आहे.

प्रश्न : चार महिन्यांत ॲव्हरेज ७.५ वरून ६ वर आलं. रस्ता तोच, टायर तेच, कुठलाही दिवा लागलेला नाही. कुठून सुरुवात करू?

आधी इंजिन-तासांचा मीटर बघा. कंप्युटर गाडी धावल्याचे तास आणि इंजिन चालू ठेवून उभे राहिल्याचे तास वेगळे दाखवतो. एवढं मोठं डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला दीड ते दोन लिटर पितं. रोज १०० किलोमीटरला १२ लिटर लागत असतील आणि त्यावर दोन तास गाडी चालू ठेवून उभी राहत असेल, तर ८.३ चं ॲव्हरेज ६.४ वर येतं आणि गाडीत दोष काहीच नसतो. उभे तास वाढलेले नसतील तर पुढे या.

दुसरा संशय डीपीएफवर घ्या. सायलेन्सरच्या वाटेतली ही जाळी काजळी साठवते, आणि ती जाळण्यासाठी कंप्युटर ज्वलन होऊन गेल्यावर मुद्दाम थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. त्याने जाळी ६०० अंशांच्या आसपास तापते. हे पंधरा-पंचवीस मिनिटं चालतं आणि त्या वेळात क्षणिक ॲव्हरेज बरंच खाली येतं, आवाज जरा घोगरा होतो, गरम वास येतो. दर वेळी ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. हायवेवर चालणाऱ्या गाडीत दोन जाळण्यांमध्ये कित्येकशे किलोमीटर जायला हवेत. दीडशे-दोनशेवरच पुन्हा सुरू होत असेल तर काजळी जास्त बनते आहे, किंवा जाळण्याचं काम दर वेळी अर्धवट सुटतं आहे. ते सुरू असताना इंजिन बंद केलं की खर्च झालेलं डिझेल वाया जातं आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. शिवाय त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी कमालच्या खुणेवर चढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला तर ऑइल लगेच बदला.

काजळी जास्त बनण्यामागे बहुतेक वेळा टर्बोच्या हवेची गळती निघते. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळ्यांच्या क्लॅम्पपाशी टॉर्च मारून बघा. जिथून हवा सुटते तिथे धूळ तेलकट होऊन काळा पट्टा उठलेला असतो. तसा काही दिसला नाही तर इनटेकमध्ये धूर सोडून तपासणी करून घ्या. त्यानंतर धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह, मग टपकणारा इंजेक्टर. डीपीएफ काढून टाका असा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तो मानू नका : अनेक देशांत ते बेकायदा आहे, काजळी सगळ्यांच्या नाकात जाते, आणि मूळ गळती जागच्या जागी राहते.

इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी दिवा लागेलच असं नाही. डॅशबोर्डचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यावर विसंबू नका. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान बघा. वीस-पंचवीस मिनिटं हायवेवर चालल्यावर ते ८८ ते ९५ च्या दरम्यान टिकायला हवं. लांब उतारावर ७५ च्या खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट बदला. इंजिन स्वतःला गारच समजतं आणि जास्त डिझेल घेत राहतं, शिवाय डीपीएफचं जाळणंही नीट पुरं होत नाही.

चौथी जागा ब्रेक. वीस मिनिटं चालवा, शेवटी ब्रेक फारसा न दाबता गाडी आपोआप मंदावू द्या, आणि उतरून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क मोजा. एकाच आक्सावरच्या डाव्या-उजव्यात ३०-४० अंशांचा फरक असेल तर जास्त तापलेला ब्रेक धरतो आहे. ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची पिन ओढून काढा. ती हाताने सहज सरकायला हवी. अडकलेल्या पिनवर ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट बसलेलं असतं. ते खरवडून, पिन पुसून ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं की रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते. पार्किंग ब्रेकची केबल पूर्ण मागे येते का तेही त्याच वेळी बघून घ्या.

प्रश्न : दोन ट्रेलर आहेत. सपाट ट्रेलरवर ४ टन लोखंड नेतो तेव्हा ॲव्हरेज बंद डब्याच्या २ टनी ट्रेलरपेक्षा चांगलं मिळतं. हे कसं?

सपाट रस्त्यावर वजनापेक्षा उंची जास्त खाते. ४ टनांनी टायरची ओढ सुमारे ४०० न्यूटनने वाढते. २ टनांच्या डब्याने २०० नेच वाढते, पण अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भिंत हवेत ढकलताना १०० च्या वेगाला आणखी ६००-७०० न्यूटन सहज लागतात. म्हणजे डब्यामागे वेग ९० वर आणण्याचा फायदा लोखंडामागच्यापेक्षा जास्त.

घाटात हिशोब उलटा होतो. गाडी-ट्रेलर मिळून ८ टन असतील तर ५०० मीटर उंची चढायला, फक्त उचलण्यापायी, सुमारे ३ लिटर डिझेल जातं, मग तुम्ही हळू चढा की जोरात. उतरताना इंजिन-ब्रेकवर डिझेल बंद राहतं, पण चढताना गेलेलं सगळं परत येत नाही. ट्रेलर ओढताना साडेतीन ते पाचचं ॲव्हरेज मिळत असेल तर गाडी निरोगी आहे.

टो-हॉल मोड, म्हणजे भार ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग, भारासोबतच लावा, रिकाम्या गाडीत तो उगाच खालचे गिअर धरून ठेवतो. आणि वरचा गिअर पकडतो-सोडतो असं सारखं होत असेल तर तो गिअर बंद करून एक खालचा धरा. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होऊन राहतो, ऑइल कमी तापतं, आरपीएम वाढूनही खप बहुधा वाढत नाही.

प्रश्न : एअर फिल्टर आणि डिझेलमध्ये टाकायचं ॲडिटिव्ह यांनी किती वाढेल?

फिल्टर इंजिन वाचवण्यासाठी वेळेवर बदला, ॲव्हरेजसाठी नाही. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर चाचण्या केल्या. तुंबलेल्या फिल्टरने गाडीची वेग घेण्याची क्षमता कमी झाली, ॲव्हरेज जवळपास तेच राहिलं. टर्बो डिझेलमध्ये फिल्टर अगदीच तुंबला तर टर्बोवर ताण येतो आणि काजळी वाढते. तेव्हा फिल्टरच्या बॉक्सवरचा, तो किती तुंबला हे दाखवणारा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर बघून ठरवा.

ॲडिटिव्हने चांगल्या डिझेलमध्ये मोजता येईल एवढा फरक पडत नाही. तरीही पाहायचं असेल तर तीन टाक्या बिनऔषधाच्या, तीन औषधाच्या, तोच रस्ता, तोच वेग. पंपावर बायोडिझेलची भेसळ किती टक्के आहे ते मात्र विचारा. शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे आठ टक्के कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणाने दीड टक्क्याच्या आसपास फरक पडतो. पंप बदलल्यावर ॲव्हरेज थोडं हललं तर आधी हे तपासा, इंजिन उघडायची घाई करू नका.