मतलई: उगवतीचा वारा, मतलबाचा नव्हे

प्रश्न असा आला आहे: "डिसेंबरात सहकुटुंब कोकणात जाणार आहोत, मुलांना कयाक चालवायची आहे. खोली घेतली आहे त्यांच्या पत्रकात लिहिलंय, 'सायंकाळी समुद्रावरून येणारे मतलई वारे अंगावर घेत पुळणीवर निवांत बसा.' शाळेत आम्ही उलट पाठ केलं होतं. बरोबर काय? 'मतलई'चा 'मतलब'शी संबंध आहे का? आणि हल्ली 'स्थलसमीर' असंही वाचायला मिळतं, ते वापरावं का?"

शाळा बरोबर, पत्रक चूक. समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा आणि जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. संध्याकाळी पुळणीवर बसून तुम्ही जो अंगावर घ्याल तो खारा. ओठांवरून जीभ फिरवलीत तरी कळेल.

हे पत्रक काही एकटं नाही. निवेदनांत, लग्नपत्रिकेसारख्या गुळगुळीत प्रवासवर्णनांत, एकदा तर चक्क एका भाषणात 'अरबी समुद्रावरून येणाऱ्या मतलई वाऱ्यांनी' माझं स्वागत झालं आहे. कारण उघड आहे. शब्द कानाला गोड लागतो, 'मलय'च्या जवळ जातो, मलयगिरीवरून येणारी चंदनाची झुळूक वगैरे आठवते, आणि लिहिणारा दिशा विसरतो. शिवाय 'खारे वारे' म्हटलं की त्याला सुकी मासळी आठवत असावी. जाहिरातीत खारं कोण लिहिणार? गोड दिसला तो शब्द उचलला.

कवितेत हे चालून गेलं असतं, पण तुम्ही कयाक घेऊन पाण्यात उतरणार आहात, म्हणून दोन वाक्यं शब्दाबाहेरची. मतलई माणसाला आत, म्हणजे खोल समुद्राकडे, नेतो. त्याची लबाडी अशी की काठाजवळ पाणी तेलासारखं सपाट दिसतं, कारण वारा नुकताच जमीन सोडून निघालेला असतो, लाट उठवायला त्याला जागाच मिळालेली नसते. जाताना वल्हं हलकं लागतं, मुलं खूश होतात. मागे वळून पाहिलं की सुरूची झाडं काडीएवढी झालेली असतात, आणि परतीला वारा तोंडावर. 'मतलई म्हणजे किनाऱ्याकडे आणणारा' असं पत्रकावरून धरून चाललात तर फसाल. खारा वारा निदान किनाऱ्याकडे ढकलतो. त्याचा त्रास वेगळा: दुपारी तो जोरावर असताना खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असेल, तर वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे होऊन आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथे मुलांना नेऊ नका. बाकी जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापतं वगैरे कारण तुम्ही पाठ केलेलं आहेच, ते पुन्हा सांगत नाही.

दिशेचा घोळ 'कडे'मुळेही होतो. 'पूर्वेकडचा वारा' म्हणजे पूर्वेकडून आलेला की पूर्वेकडे चाललेला? वाऱ्याच्या बाबतीत दर्यावर्द्यांचा नियम जुना आणि पक्का आहे: वारा जिथून येतो त्याचं नाव लावतो. 'कुठून' हा प्रश्न विचारा, 'कुठे' हा विचारू नका. मराठीत 'कडून' हा धडधाकट प्रत्यय असताना सगळीकडे 'कडील' लिहायची खोड कुणी लावली देव जाणे.

मतलई पाहायचा असेल तर उजाडताना हर्णैला उभं राहावं. मी एकदा जानेवारीत उभा होतो. वस्तीतल्या चुलींचा धूर वर न जाता आडवा झाला होता आणि कौलांवरून, होड्यांवरून सरळ समोरच्या पाण्यातल्या सुवर्णदुर्गाच्या बाजूला चालला होता. समुद्रासमोर उभं असूनही वास समुद्राचा नव्हता. शेणाचा, ओल्या पाचोळ्याचा आणि नुकत्या फुटलेल्या मोहोराचा होता, सगळा पाठीमागून आलेला. नांगरलेल्या होड्यांची तोंडं गावाकडे. नऊच्या सुमाराला धूर उभा झाला, म्हणजे वारा पडला. काही वेळ होड्या कुणीकडेही तोंड करून रेंगाळल्या आणि अकरानंतर एकेक करत समुद्राकडे वळल्या. खारा सुटला. पत्रक लिहिणाऱ्यांनी एवढं एकदा बघितलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. (खाडीत मात्र होडीच्या तोंडावर विसंबू नका. तिथे ते भरती-ओहोटीच्या पाण्याप्रमाणे फिरतं.)

इंजिनं येण्याआधी शिडाच्या होड्यांचा सगळा दिवस याच दोन वाऱ्यांवर बेतलेला असे. पहाटे मतलईवर बाहेर, दुपारनंतर खाऱ्यावर घरी. मधल्या वेळात कोळी थांबत, तुमची मुलं थांबणार नाहीत, एवढाच फरक. आणि हा खेळ पावसाळ्यानंतरचा, मुख्यतः हिवाळ्याचा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा इतका दांडगा असतो की त्यात मतलई शोधायला जाऊ नये.

आता शब्दाकडे येतो. खरं तर मला लिहायचं होतं ते हेच.

'मतलब'शी संबंध शून्य. 'मतलब' अरबी 'त-ल-ब' या धातूवरून, मागणे-शोधणे या अर्थाचा. तलब, तालिब, तलबगार ही त्याची भावंडं. 'मतलई'त 'ब' नाही, आणि नसलेला 'ब' कुठे गेला हे सांगितल्याशिवाय व्युत्पत्ती होत नाही. "वारा आपल्या मतलबाने दिशा बदलतो म्हणून मतलई" हे स्पष्टीकरण मी दोनदा ऐकलं आहे, दोन्ही वेळा सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद होता. वारा मतलबी, मग ऊन काय परोपकारी?

माझ्या मते मूळ आहे अरबी 'मत्लअ'. धातू 'त-ल-अ', अर्थ वर येणे, उगवणे. 'मत्लअ' म्हणजे उगवण्याची जागा. हा शब्द तुम्ही दुसऱ्या ठिकाणी रोज वापरत असाल, निदान गझल वाचत असाल तर: गझलेचा मतला! पहिला शेर, जिथून गझल उगवते तो. हर्णैची पहाटेची झुळूक आणि मुशायऱ्यात वाहवा घेणारा मतला ही एका घरची भावंडं, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री पावणेबाराला एका मित्राला फोन केला होता. तो अजून ते ऐकवतो. आपल्या ऐतिहासिक कागदांतली 'इत्तला', म्हणजे वर्दी, तीही याच धातूची.

शेवटच्या त्या घशातल्या 'अ'चं मराठीत काय होतं ते पाहा. अरबी 'जम्अ'चं 'जमा' झालं, 'बुर्कअ'चा 'बुरखा' झाला, 'मौजिअ'चं सातबारावरचं 'मौजे' झालं. म्हणजे तो घशातला वर्ण गळतो आणि स्वर उरतो. तसा 'मत्लअ'चा 'मतला', त्याला आपला नेहमीचा 'ई' लागला (दर्या-दर्याई, हवा-हवाई), मतलाई, आणि बोलताना मधला 'ला' आखडून मतलई. एकही अक्षर ओढून-ताणून आणावं लागत नाही.

पण उगवण्याच्या जागेचा जमिनीशी काय संबंध? इथेच गंमत आहे. उगवण्याची जागा म्हणजे पूर्व. अरब खलाशांचं दिशायंत्र ताऱ्यांवर बांधलेलं होतं: क्षितिजाचे 32 भाग, आणि अमुक तारा जिथे उगवतो तो त्याचा मत्लअ, जिथे मावळतो तो मगीब. पंधराव्या शतकातला अहमद इब्न माजिद हा नामांकित दर्यावर्दी याच भाषेत दिशा सांगतो. पूर्वेच्या बाजूचं ते सगळं मत्लअ. आता कोकणचा किनारा डोळ्यांसमोर आणा, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत. समुद्रात उभ्या असलेल्या माणसाला पूर्व म्हणजे जमीन! पूर्वेचा वारा आणि जमिनीवरचा वारा इथे एकच. 'उगवतीचा' म्हणता म्हणता 'जमिनीकडचा' हा अर्थ केव्हा बसला ते बोलणाऱ्याला कळलंही नसेल.

आणि हे काही अरबांचंच डोकं नाही. आपल्याकडे पूर्वेला 'उगवत' आणि पश्चिमेला 'मावळत' म्हणणारी माणसं आजही गावोगाव आहेत. "उगवतीकडचं शेत" म्हटलं की कुणी दिशा विचारत नाही. भूमध्य समुद्रात पूर्वेच्या वाऱ्याला 'लेव्हान्ते' म्हणतात, तोही 'वर येणे' या क्रियापदावरूनच. 'मतलई' हा शब्दशः आपल्या भाषेतला 'उगवता वारा' आहे, फक्त परक्या बंदरातून आलेला.

परक्या बंदरातून येणं अशक्य होतं असं म्हणणाऱ्यांनी अलिबागजवळच्या चौल या जुन्या बंदराकडे पाहावं. अरब लेखक त्याला सैमूर म्हणत. त्यांतला प्रवासी अल् मसूदी इसवी सन 916 च्या सुमाराला तिथे होता, आणि तिथे राहणाऱ्या मुसलमानांची संख्या तो सुमारे दहा हजार देतो. ठाणे आणि सोपारा हीही अरब लेखकांच्या वर्णनांत सापडतात. त्या गलबतांतून काय काय उतरलं? तुफान उतरलं. मोसम उतरला (तोच पुढे पोर्तुगीजांच्या तोंडून जगभर जाऊन 'मान्सून' होऊन परत आला). खलाशी उतरला. फारसीकडून बंदर, दर्या, आणि नाव-खुदा म्हणजे नावेचा धनी, आपला नाखवा. ज्या कोळीवाड्याने मालकासाठी शब्द घेतला, वादळासाठी घेतला, ऋतूसाठी घेतला, त्याने पहाटेच्या वाऱ्यासाठी तेवढा संस्कृत शब्दाचा हट्ट धरला असेल?

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना असंच वाटतं. त्यांचं मत: 'मृत्तिकातल', म्हणजे मातीचा पृष्ठभाग, त्यावरून येतो तो मतलई. मृत्तिकेची माती झाली हे मलाही मान्य आहे. पण 'मा' दीर्घ असताना 'म' कसा आखडला, आणि 'मृत्तिकातल' हा शब्द वाऱ्याच्या संदर्भात कुठल्या कोळ्याने, कुठल्या शतकात, कुठल्या होडीत उच्चारला, हे विचारल्यावर ते "अरबी काय सगळीकडे दिसते हल्ली" असं म्हणून चहाकडे वळले. दिसते, कारण आहे. ज्ञानेश्वरीत सापडणारा शब्द संस्कृतातून आणि बखरीत सापडणारा फारसीतून अशी वाटणी करून व्युत्पत्ती ठरत नाही. किनाऱ्यावर शब्द बोटीतून येतात.

एक आडवा प्रश्न मीच मला विचारतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत पूर्वेकडून कोरडे, गरम वारे येतात, खारा वारा दुपारपर्यंत आत शिरू शकत नाही, आणि पारा चढतो. हवामान खातं दरवर्षी हेच कारण सांगतं. मग हे वारेही मतलईच ना? व्युत्पत्तीने हो: उगवतीचे आहेत. वापराने नाही: मतलई म्हणजे रात्री जमीन निवल्यावर सुटणारा आणि ऊन चढताच पडणारा, हलका, रोजचा वारा. मूळ कितीही लाडकं असलं तरी अशा वेळी वापराचं ऐकावं लागतं. मी ऐकतो, थोडा हिरमुसून.

'स्थलसमीर' राहिलाच. तो हिंदी पाठ्यपुस्तकांतून उचललेला आहे. हिंदीत असेल त्यांची गरज, आपल्याकडे शेकडो वर्षं वापरलेला, शाळेपासून तोंडात बसलेला शब्द असताना तो उसना आणायचं कारण मला सापडलं नाही. होडीत बसून "आज स्थलसमीर जोरात आहे" असं म्हणून पाहा. तांडेल तुम्हाला पाण्यात टाकेल, आणि त्याचं चुकणार नाही.

एकवचन-अनेकवचनाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: 'मतलई वारे' हे पुस्तकी बहुवचन, बोलताना 'मतलई वारा'. नुसतं 'मतलई' म्हटलं तर स्त्रीलिंगी: पहाटे मतलई सुटली, नवाला मतलई पडली. ती पडेपर्यंत कयाक वाळूवरच ठेवा.