ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: नकाशात लांब, विमानात जवळ

प्रश्न (नाशिक): नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन, नकाशात मध्ये केवढा समुद्र दिसतो! मग तिकिटावर फक्त पावणेदोन तास कसे? छापताना चूक झालीय का?

तिकीट बरोबर आहे हो, फसवतोय तो नकाशा. मोबाइलवर आपण बघतो तो मर्केटर पद्धतीचा, त्यात जसजसं उत्तरेला सरकावं तसतसं सगळं ताणलं जातं, 60 अंशांवर दुप्पट आणि लाँगइयरब्येन आहे त्या 78 अंशांवर जवळजवळ पाचपट, त्यामुळे मुंबई-दिल्लीला लावलेली पट्टी तिथे लावली की गंडलातच. सोपा हिशोब म्हणजे अक्षांशाचा एक अंश धरा 111 किमी. ट्रॉम्सो साडेएकोणसत्तरच्या जरा वर, लाँगइयरब्येन सव्वाअठ्ठ्याहत्तरच्या जवळपास, फरक साडेआठ अंशांचा, झाले साडेनऊशे किमी. रेखांशातही तीनेक अंशांचा फरक आहे, पण तिकडे रेखांश इतके चिकटलेले असतात की त्याने पाचेक किमीच वाढतात. घरी पृथ्वीचा गोल असेल तर करून बघा, मी पोरीच्या टेबलावरच्या गोलावर शिवणाचा दोरा मुंबई-दिल्ली मोजून कापला आणि एक टोक लाँगइयरब्येनवर धरलं, तर दुसरं ट्रॉम्सो ओलांडून नखभर पुढे स्वीडनमध्ये गेलं!

प्रश्न (सांगली): विमान ताशी 800 किमीने जातं म्हणतात, मग साडेनऊशेला सव्वा तास पुरे. बाकीचा वेळ जातो कुठे?

तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढताना आणि खाली येताना कमी स्पीड, शिवाय समोरून वारा असला तर तो, यात अर्धा तास सहज जातो. दोन्हीकडे घड्याळ एकच, तो घोळ नाही.

प्रश्न (पुणे): स्वालबार्ड नॉर्वेचंच ना, मग पासपोर्ट कशाला?

नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर! 1920 च्या करारामुळे तिथला कारभार वेगळा, नुसत्या स्वालबार्डला व्हिसा लागतच नाही. पण आपण जाणार नॉर्वेवरून, म्हणजे शेंगेनमध्ये शिरलो, बाहेर पडलो आणि येताना परत शिरलो, म्हणून व्हिसा दोन एंट्रीचा तरी हवाच. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला एजंटने सिंगल एंट्री काढून दिला होता, निघायच्या आठ दिवस आधी कागद चाळताना माझ्या लक्षात आलं, शेवटी बिचारे ट्रॉम्सोलाच राहून अरोरा, म्हणजे आकाशातले ते रंगीत प्रकाशझोत, बघून आले. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे विमान असेल तर ट्रॉम्सोला सगळ्यांना हातातल्या बॅगांसकट उतरवून पासपोर्ट बघतात आणि परत चढवतात, घाबरू नका, विमान चुकलेलं नसतं.

प्रश्न (ठाणे): बोटीने जाता येईल का?

रोजची फेरी बोट नाही. उन्हाळ्यात क्रूझ असतात, खिसा भरलेला हवा.

प्रश्न (कोल्हापूर): तिथून आपलं हिमाद्री केंद्र बघता येईल का?

हिमाद्री, म्हणजे भारताचं आर्क्टिक संशोधन केंद्र, आहे स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंड गावात, 2008 पासून. लाँगइयरब्येनहून साधारण 110 किमी, छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत, पण त्यातल्या सीट मुख्यतः संशोधक आणि तिथल्या कामाच्या माणसांसाठी. दोन्ही गावांना जोडणारा रस्ताच नाही, त्यामुळे पर्यटक जातात ते उन्हाळ्यात जहाजाने. आणि गंमत म्हणजे तिथल्या नाजूक उपकरणांना त्रास होतो म्हणून वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, म्हणजे जहाजातून उतरलात तरी मोबाइल आपला फ्लाइट मोडवरच.