विमानात आई आजारी पडल्या, कार्डावरचे २ लाख २० हजार आता कुठून भरायचे?

ताई, तुमचा मेल नीट वाचला. आई घरी आल्यात, थोडं थोडं चालतायत, हे वाचून खरंच बरं वाटलं, पैशाचं आपण बघू.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई नाशिकच्या. आई ६७ वर्षांच्या, डायबिटीस आहे, मुलाकडे न्यू जर्सीला राहून नेवार्क-मुंबई डायरेक्ट फ्लाइटने परत येत होत्या. लँडिंगच्या काही तास आधी एकदम दम लागला, क्रूने ऑक्सिजन लावला, प्रवाशांतल्या एका डॉक्टरांनी बघितलं आणि मुंबईत उतरल्याबरोबर अँब्युलन्सने थेट हॉस्पिटल. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. ५ दिवस आयसीयू, ४ दिवस सिंगल रूम, बिल ७ लाख ८० हजार. आईंची मेडिक्लेम ५ लाखांची, त्यातून कॅशलेस मिळालं ४ लाख १० हजार, उरलेल्यातले दीड लाख सेव्हिंगमधून आणि २ लाख २० हजार क्रेडिट कार्डवर गेले. आता बँक म्हणतेय १४ टक्क्यांनी ४ वर्षांचं पर्सनल लोन घ्या. ताईंच्या मनात दुसरा पर्याय आहे तो म्हणजे आईंची सिनिअर सिटिझन स्कीम मोडायची, १५ लाख, १४ महिने झालेत.

माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही करू नका. कारण तुमच्या खिशातून शेवटी नेमके किती जाणार आहेत हा आकडा अजून ठरलेलाच नाही, आणि जो आकडा ठरला नाही त्यासाठी ४ वर्षांचं कर्ज कशाला अंगावर घ्यायचं?

आधी कार्ड, कारण तारीख जवळ आलीय. मिनिमम ड्यू भरून पुढे ढकलायचा विचार अजिबात नको, महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी ७,७०० रुपये नुसतं व्याज, वर त्यावर जीएसटी. पर्सनल लोन त्यापेक्षा बरं वाटतं पण २ लाख २० हजारांवर ४ वर्षांत साधारण ६८ हजार व्याज जातं, ईएमआय ६ हजारांच्या आसपास. सिनिअर सिटिझन स्कीमची अडचण अशी की त्यातून थोडेसे पैसे काढता येत नाहीत, खातं अख्खंच बंद करावं लागतं, आणि एक ते दोन वर्षांच्या मधे बंद केलं तर दीड टक्का कापतात म्हणजे साडेबावीस हजार गेले, शिवाय आईंना दर तिमाहीला जे ३०,७५० रुपये येतात ते थांबणार. ते त्यांच्या हातातले पैसे आहेत ताई, औषधं त्यातूनच येतात असं तुम्हीच लिहिलंय, त्याला हात लावू नका.

तुम्ही मेलमधे जाता जाता लिहिलंत की आईंच्या नावावर ६ लाखांची एफडी आहे सव्वासात टक्क्यांची. हीच वापरायची, पण मोडायची नाही, तिच्यावर ओडी घ्यायची, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, एफडी तारण ठेवून बँकेकडून लागतील तसे पैसे उचलायचे. बहुतेक बँका एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीपेक्षा साधारण एक टक्का जास्त, म्हणजे सव्वाआठ धरा, ६ महिने वापरली तर साधारण ९ हजार. पैसे जसे परत येतील तसे भरत जायचे, व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर. सही आईंची लागेल, त्यांना ब्रँचला नेण्याची दगदग नको, नेटबँकिंगवर होतंय का ते आधी बघा.

आता पैसे परत कुठून येतील ते सांगतो, इथे तुम्हाला चुकीची माहिती मिळालीय.

एक, तुमच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी. ३ लाखांची आहे, त्यात आई कव्हर आहेत, आणि एचआर म्हणाले की एका पॉलिसीत क्लेम केला की दुसरीत होत नाही. असं नसतं हो. एकच खर्च दोनदा मिळत नाही एवढंच, पहिल्या कंपनीने न दिलेली रक्कम दुसऱ्या पॉलिसीत मागता येते, पहिलीचं सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची कमाल रक्कम, पूर्ण संपलेलं नसलं तरी. पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर, हॉस्पिटलने शिक्का मारलेल्या बिलांच्या कॉप्या, डिस्चार्ज समरी, सगळ्या पेमेंटच्या पावत्या, एवढं लागेल. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जपासून ३० दिवसांत कागद द्यायचे असतात म्हणून हे काम याच आठवड्यात करा, एचआरशी वाद घालत बसू नका, थेट टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीला, मेल टाका. ग्रुप पॉलिसीत पालकांसाठी को-पे असू शकतो, म्हणजे क्लेमचा १० किंवा २० टक्के भाग आपणच भरायचा, आणि ग्लोव्हज वगैरे नॉन-मेडिकल खर्च तिथेही कापतील, त्यामुळे सगळे मिळणार असं धरू नका.

दोन, मेडिक्लेमने ५ लाखांतले ९० हजार का कापले ते तपासा. आईंच्या पॉलिसीत रूम रेंट दिवसाला ५ हजारांपर्यंत आहे आणि रूम होती ९ हजारांची, त्यामुळे प्रपोर्शनेट कापलंय असं दिसतंय. रूमच्या भाड्यातला फरक जाणारच, डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग वगैरेही त्या प्रमाणात कमी होतं, पण औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना हे प्रमाण लावता येत नाही आणि आयसीयूच्या चार्जेसना तर नाहीच, विमा क्षेत्राचं नियामक असलेल्या आयआरडीएआयने हे २०२० मधेच सांगितलंय. तुमच्या बिलाचा मोठा भाग आयसीयू, सीटी स्कॅन आणि औषधांचा आहे. कोणत्या ओळीवर किती कापलं याची यादी कंपनीकडून लेखी मागा. दाद नाही दिली तर आयआरडीएआयचं तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल, आणि त्यापुढे विमा लोकपाल. नाशिकसाठी पुण्याचं ऑफिस, फी लागत नाही, वकील लागत नाही.

तीन, ट्रॅव्हल पॉलिसी. एजंट म्हणाला भारतात उतरल्यावर कव्हर संपलं, आणि तुम्हाला ते पटत नाहीये कारण आजार तर हवेत सुरू झाला. तुमची तगमग समजते, पण बऱ्याचदा एजंट म्हणतो तसंच असतं, ट्रॅव्हल पॉलिसी परदेशातल्या उपचारासाठी असते आणि भारतात परतलं की ट्रिप संपली असं धरतात. काही पॉलिसींत मात्र ट्रिपमधे सुरू झालेल्या आजाराचा पुढचा उपचार काही दिवस भारतातही चालतो. म्हणून पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग काढा, ट्रिप कधी संपते ते नेमकं कुठे लिहिलंय ते वाचा आणि क्लेम इंटिमेशन, म्हणजे क्लेम करणार असल्याची लेखी सूचना, टाकून ठेवा, तोंडी नकारावर थांबू नका. पण यातले पैसे हिशोबात धरू नका. डायबिटीस आधीपासूनचा आहे म्हणून तिथेही प्रश्न विचारतील.

वकिलाला २५ हजार देऊन एअरलाइनवर केस करायची का, हे तुम्ही विचारलंय. मी नाही देणार. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार, म्हणजे विमान कंपनीची प्रवाशांबाबतची जबाबदारी ठरवणारा करार, लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे, आणि त्यात भरपाईसाठी विमानात अपघात झालेला असावा लागतो, प्रवाशाच्या स्वतःच्या शरीरात झालेला बिघाड सहसा त्यात बसत नाही. क्रूने मदतच नाकारली असती तर गोष्ट वेगळी होती, ऑलिम्पिक एअरवेजच्या केसमधे दम्याच्या पेशंटला धुरापासून लांब सीट द्यायला नकार दिला होता म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००४ मधे तो अपघात धरला. तुमच्या क्रूने ऑक्सिजन दिला, डॉक्टर शोधला, अँब्युलन्स तयार ठेवली. एअरलाइनकडून फक्त विमानातल्या मेडिकल घटनेचा रिपोर्ट मागा, त्रास किती वाजता सुरू झाला याचा तो चांगला पुरावा आहे, ट्रॅव्हल क्लेमला लागेल.

भावाचं आता. तो डिसेंबरच्या बोनसनंतर पाठवतो म्हणालाय आणि तुम्हाला परत मागायला संकोच वाटतोय. अहो, आई दोघांची आहे. हॉस्पिटलात रात्री तुम्ही काढल्या, कार्ड तुमचं घासलं, त्याला हिशोब स्पष्ट पाठवा, बिलाच्या पीडीएफसकट. मुलाने आईला दिलेल्या पैशावर इथे टॅक्स नाही, कितीही रक्कम असली तरी. त्याच्या बाजूला २०२५ साठी १९ हजार डॉलरपर्यंतच्या गिफ्टला फॉर्मही भरावा लागत नाही. त्याने थेट आईंच्या खात्यात पाठवावं आणि त्यातून ओडी भरावी, म्हणजे आईंची एफडीही मोकळी होईल.

आईंसाठी २५ लाखांची नवीन पॉलिसी घ्यायची म्हणताय, ती घाईत घेऊ नका. या आजारानंतर लगेच कोणी देईलच असं नाही आणि दिली तरी आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं. आहे ती पॉलिसी काहीही झालं तरी रिन्यू करा, खंड पडू देऊ नका, आणि रिन्यूअलच्या वेळी ५ लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप, म्हणजे ५ लाखांच्या वरच्या खर्चासाठीची जोड पॉलिसी, विचारा. फॉर्मवर हा आजार, डायबिटीस, सगळं लिहा, एजंट नको म्हणाला तरी लिहा. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेवढं प्रीमियमचं कोटेशन बघताना लक्षात ठेवा.

ओडीचा अर्ज सोमवारी टाका म्हणजे कार्डाच्या तारखेआधी पैसे हातात येतील, आणि मेडिक्लेमच्या सेटलमेंट लेटरचं कपातीचं पान मला पाठवा, आयसीयूच्या ओळी मी स्वतः बघून सांगतो.