वाचक विचारतात : अंडी उचलताना फुटतात

प्रश्न : विट्याजवळ आमच्या शेडात साठेक लेअर कोंबड्या आहेत. घरचा मका, बाजरी पोटभर घालते, तरी अंड्याचं कवच पातळच. काय कमी पडतंय?

उत्तर : ताई, पोट भरतंय, पण कवचाला लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळत नाही. मक्यात कॅल्शियम जवळपास नसतंच, प्रथिनंही आठ-नऊ टक्केच. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात 16-17 टक्के प्रथिनं आणि 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम हवं. तयार लेअर मॅशच (अंड्यावरच्या कोंबडीचं दळलेलं खाद्य) घाला, पक्ष्यामागे रोज 100 ते 120 ग्रॅम. वर हौसेनं मका टाकू नका. कोंबड्या पिवळे दाणे वेचतात आणि भुकटी तळाशी तशीच ठेवतात.

शिंपल्याचा चुरा दुपारनंतर वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्वारीच्या दाण्याएवढा हवा, पीठ नको. कवच बरंचसं रात्री बनतं आणि जाडसर तुकडे पोटात सावकाश विरघळतात. खाद्याचं भांडं एक तृतीयांशच भरा, नाहीतर निम्मं खाली अंथरलेल्या तुसात सांडतं.

उन्हाळ्यात तुमच्याकडं पत्रा तापला की कोंबडी खातच नाही. तेव्हा खाद्य पहाटे आणि संध्याकाळी, गार पाणी मात्र दिवसभर. तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) हे मॅश घालू नका, जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं.